दाढांच्या दप्तरासाठी काका-पुतण्यांत जाहलेल्या जंगाची हकीकत

श्रीमंत राजमान्य राजेश्री गल्लीचे व्यापारी मंडळाचे चिटणीस साहेब यांचे सेवेसी. विनंती सेवक झेरॉक्सवाला, दुकान नंबर सात, जिन्याखाली, नमस्कार उपरी विशेष. साहेबी आज्ञा केली की, संगणकाचे गल्लीत काका आणि पुतणे यांमध्ये जो थोर जंग जाहला त्याची हकीकत जो तो आपल्या मनाची सांगतो, एक म्हणतो काका जिंकले, दुसरा म्हणतो पुतणे, आणि मोबाइलची कव्हरे विकणारा तर म्हणतो जंग जाहलाच नाही, नुसती बोंबाबोंब. तरी जे घडले ते आदिपासोन अंतापावेतो लिहोन मंडळाचे दप्तरी दाखल करणे. त्याप्रमाणे लिहिले आहे. सेवकाचे दुकान दोन्ही फौजांचे मधोमध, आणि हल्ली कागदाची प्रत कोणी काढीत नाही, त्यामुळे पाहण्यास फुरसत बहुत. खोटे एक अक्षर नाही. कोठे फुगवोन लिहिले असेल तर तो बखरीचा रिवाज आहे, सेवकाचा दोष नाही.

पूर्वी या मुलखात फ्लॉपीचे राज्य होते. ती बापडी एवढीशी, की पोटात एक अर्ज आणि अर्धा फोटो गेला की ढेकर देवोन बसे. मग सीडी चालोन आली, तिणे फ्लॉपीस पदच्युत केले, आणि आज तीच सीडी गॅलरीत दोरीस टांगोन कबुतरे हाकण्याचे कामी मुकर्रर आहे. कालाय तस्मै नमः. मग पेनड्राइव्ह नामे चिमुकले सरदार उदयास आले, ते शौर्याने थोर परंतु खिशात राहोन धुण्यात बुडाले. आणि माणसे तीच, त्यांचे बोलणे तेच, अक्कल तर तसूभर वाढली नाही, परंतु फोटो आणि व्हिडिओ ऐसे वाढले की ठेवण्यास जागा पुरेना, आणि जागा विकणारांस बरकत जाहली. त्यांत अग्रगण्य काकासाहेब.

काकासाहेब म्हणजे खासा हार्डडिस्कवाले, तीस वर्षे एकाच खुर्चीवर. तबकडी फिरत्ये, घरघर वाजत्ये, म्हणजे आतला माल जिवंत आहे, हा त्यांचा सिद्धांत. त्यांचे दुकानी लांब टेबल, एक टोक दाराकडे, एक भिंतीकडे, आणि कायदा तीस वर्षांचा, की दाराकडे ठेविले ते पुसोन कोरे करावयाचे आणि भिंतीकडे ठेविले ते जिवापाड राखावयाचे. का, तर विकत घेतलेली जुनी डिस्क दारातून येते, तिची घाण दारापाशीच काढावी, आणि गिऱ्हाइकाची चीज भिंतीस पाठ लावोन निर्धास्त बसावी. प्रत काढली की मोजावी, मोजली की फिरोन मोजावी, आणि वर कागदाची चिठ्ठी डकवावी. सर्वांत थोर कायदा हा की, जे हरवो नये ऐसे वाटते त्याच्या तीन प्रती असाव्या, एक हाताशी, एक वेगळ्या जातीच्या डबीत, एक परक्या घरी. या शिस्तीत त्यांचे सख्खे पुतणे बारा वर्षे तयार जाहले आणि काकांचे बोट धरोन चालता चालता एके दिवशी बोट सोडोन पुढे धावले.

कारण ऐसे की, एसएसडी नामे नवी चिपेची डबी बाजारात आली. ती फिरत नाही, वाजत नाही, आणि तबकडीस जे काम दिवसभर पुरते ते ही चहा निवण्याआधी करोन मोकळी होते. पुतणेसाहेबी अर्ज केला की आता हीच विकावी. काकासाहेबी हुकूम दिला की, जे फिरत नाही ते मेलेले, आणि मेलेला माल या दुकानी येणार नाही. त्यावर पुतण्याने उत्तर केले, काकांनी प्रत्युत्तर केले, उचलली जीभ लावली टाळ्याला ऐसे उभयपक्षी जाहले, आणि मग पुतणेसाहेब निघोन गेले ते थेट समोरच्या गाळ्यात उतरले. त्या दिवसापासोन दोन वर्षे दोघांत बोलणे बंद. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगावे कोणास.

नव्या दुकानी काकांचे म्हणोन काही राहो नये ऐसी पुतण्याची प्रतिज्ञा. म्हणोन टेबल तेच, परंतु कायदा उफराटा. उद्घाटनाचे दिवशी काकूसाहेब डबा घेवोन आल्या, कारण काकूंनी अबोला मान्य केला नव्हता, त्या रोज एक वाजता दोन डबे घेवोन गल्लीत येत आणि दोन्ही दुकानी एकेक ठेवीत. पुतण्याने त्यांस मोठ्या फुशारकीने दाखविले, "काकू, इथे सगळं उलट. दाराकडचं गिऱ्हाइकाला द्यायचं, भिंतीकडचं पुसायचं. आणि त्या चिठ्ठ्याबिठ्ठ्या बंद." काकूंनी टेबल या टोकापासोन त्या टोकापर्यंत नीट पाहिले आणि डब्यातली पोळी गार होत्ये इतकेच म्हणाल्या.

मग जंगास तोंड लागले. काकांनी दारावर फलक लाविला, चार टीबी. संध्याकाळचे आत समोर फलक लागला, आठ टीबी. काकांनी बारा केले, पुतण्याने सोळा केले, काकांनी रंगारी बोलावोन वीस लिहविले आणि शून्य ऐसे मोठे काढविले की ते शेजारच्या चष्मेवाल्याच्या भिंतीवर गेले आणि त्याबाबत निराळी कटकट जाहली. गिऱ्हाइकास विचारतो कोण. एक म्हातारे गृहस्थ मांजराचा एक फोटो जपोन ठेवावयाचा म्हणोन आले. दोन्हीकडोन त्यांजवर ऐसा मारा जाहला की बिचारे चोवीस टीबी घेवोन घरी गेले, आणि आठव्या दिवशी परत येवोन विचारो लागले की मांजर त्यात नेमके कोठे बसले आहे, सापडत नाही. काका म्हणाले समोर विचारा, समोरचे म्हणाले तिकडे विचारा. शेवटी सेवकाने कागदावर छापोन दिले, ते आजतागायत त्यांचे भिंतीवर आहे, पुसले गेले नाही. असो.

ऐसे असता गल्लीचे नाक्यावरील दंतवैद्यीण बाई यांची स्वारी उतरली. बाई मातबर, तीन दवाखाने, हाताखाली सहा डॉक्टर, आणि पदरी पंधरा वर्षांचे दप्तर, म्हणजे तीन लाख दाढांचे एक्सरे. इतका खजिना एका चिपेच्या डबीत, ती डबी हात धुण्याच्या बेसिनखालील कपाटात, आणि दुसरी प्रत नाही. दुनियेस सांगतात दिवसातून दोनदा दात घासा, आणि आपले दप्तर पंधरा वर्षांत एकदा घासले नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. नळ गळो लागला तेव्हा बाईंच्या तोंडचे पाणी पळाले, आणि फर्मान निघाले की, काका आणि पुतणे यांनी पाळीपाळीने डबी नेवोन प्रत काढावी, आठ दिवसांचे मुदतीने, पुढील सोमवारी अकरा वाजता मूळ डबी आणि आपापली प्रत घेवोन हजर व्हावे, आणि जो बाईंचे मनास येईल त्यास तिन्ही दवाखान्यांचे दप्तर पाच वर्षे सांभाळावयास मिळेल.

काकासाहेबांकडे हल्ली गिऱ्हाईक क्वचित. दात कोरोन पोट भरत नाही, आणि फुटकळ पेनड्राइव्ह विकोन दुकान चालत नाही, हे ते जाणोन होते. म्हणोन भर गल्लीत, समोरच्यास ऐको जाईल ऐशा आवाजात, त्यांनी पण केला की हे काम गेले तर शटर खाली ओढीन आणि कायमचा घरी बसेन. ही खबर डब्याचे वेळी काकूंचे कानी गेली, आणि काकूंचे हातातील पिशवी गळाली.

त्याचे कारण लिहिणे जरूर आहे. दोन सालांमागे काकासाहेब तापाने आठ दिवस घरी होते. पहिले दोन दिवस निजोन काढिले. तिसरे दिवशी उठोन त्यांनी स्वयंपाकघर जिंकिले. डबे वर्णानुक्रमे लाविले, मग मोडोन आकारमानाने लाविले, प्रत्येकावर चिठ्ठी डकविली, आणि आपल्या थोर कायद्याप्रमाणे प्रत्येक चीजेच्या तीन प्रती केल्या. मिठाची एक प्रत ओट्यावर, दुसरी वेगळ्या जातीच्या म्हणजे पत्र्याच्या डब्यात माळ्यावर, तिसरी परक्या घरी म्हणोन शेजारणीकडे. साखरेचे तेच, मोहरीचे तेच. रोज दुपारी ते मोजणी घेत आणि काकू जरा आडव्या जाहल्या की हाक मारोन विचारीत, जिऱ्याची प्रत जुळत नाही, कोणी हात लाविला. आठ दिवसांत काकूंचे नाकी नऊ आले. आता तो पुरुष जन्मभर घरी बसणार, ही कल्पना त्यांस सहन होईना. तीस वर्षे सकाळी नऊ ते संध्याकाळी सात हे घर त्यांचे राज्य होते, दुपारची झोप त्यांची, रेडिओ त्यांचा, ओटा त्यांचा. ते राज्य जाणार हे स्पष्ट दिसो लागले.

चिठ्ठी टाकोन काकांची पाळी पहिली निघाली. सोमवारी डबी आणिली, थोर तबकडीस जोडली, आणि घरघर सुरू जाहली. काकासाहेब खुर्ची ओढोन समोर बसले, जेवले तेथेच, आणि मंगळवारी प्रत पुरी जाहली, तरी उठले नाहीत. मोजणी केली, फिरोन मोजणी केली, तीन लाख चार हजार दोनशे अकरा, चिठ्ठी डकविली आणि प्रत भिंतीकडे ठेविली. शुक्रवारी डबी परत केली तेव्हा डोळे तांबडेलाल आणि पाठ धनुकली ऐसी वाकलेली. त्याच दुपारी पुतण्याने डबी नेली आणि तीन तासांत प्रत काढोन, हात झटकोन, गल्लीत सर्वांस चहा पाजिला. गल्लीने निकाल लाविला की, म्हातारा गेला. सेवकाचेही मत तेच होते, खोटे का बोला.

त्या दिवशी संध्याकाळी जेवताना काकूंनी विचारिले की, तुमची प्रत पुरी आहे ना, मोजलीत ना. तीस वर्षांत काकूंनी धंद्यातले पहिल्याने विचारिले, त्यामुळे काकांचा ऊर भरोन आला आणि त्यांनी आकडा सांगितला, दोनदा मोजल्याचे सांगितले, आणि जगात याहोन पक्की प्रत नाही ऐसे सांगितले. काकूंनी आणखी भाजी वाढली.

शनिवारी पुतण्याचे टेबलावर दाराकडे बाईंची मूळ डबी आणि तिची प्रत, दोन्ही काळ्या, दोन्हींवर चिठ्ठी नाही. भिंतीकडे विकत घेतलेल्या जुन्या सात डब्या, त्याही काळ्या. पुतणेसाहेब आतल्या खोलीत फोनवर कोणास तरी विजयाची गोष्ट सांगत होते. एक वाजता काकू आल्या, डबा ठेविला, टेबलावर धूळ फार म्हणोन पदर खोवोन फडके फिरविले, आणि दाराकडच्या दोन डब्या उचलोन भिंतीकडे नीट ओळीत लाविल्या आणि घरी गेल्या. पुतणेसाहेब बाहेर आले ते गाणे गुणगुणत. भिंतीकडचे ते पुसावयाचे, हा त्यांचा स्वतःचा कायदा. त्यांनी न बघता सर्व डब्या पुसणीयंत्रात खोचिल्या आणि बटण दाबिले. सातांचे ठिकाणी नऊ दिवे लागले. त्यांनी मोजिले, फिरोन मोजिले, म्हणजे काकांचा कायदा त्यांस तेव्हा आठवला, परंतु यंत्र वेगवान, त्याच वेगाचा त्यांस अभिमान, आणि मोजणी संपण्याआधी नऊही डब्या निर्मळ कोऱ्या जाहल्या होत्या. तीन लाख दाढा गेल्या. एक सुळा मागे राहिला नाही.

पुतणेसाहेब खाली बसले. त्यांस भिंत दिसेना, दार दिसेना. पळोन जावे ऐसे मनात आले, परंतु गल्लीस एकच तोंड आणि त्या तोंडाशी काकांचे दुकान. मग उठले, आणि जी बारा पावलांची गल्ली दोन वर्षे ओलांडली नव्हती ती ओलांडली. सेवक यंत्रावर हात ठेवोन उभा होता, चष्मेवाला पायरीवर आला, कव्हरवाल्याने रेडिओ बंद केला. काकासाहेब वर पाहीनात. पुतण्याने दोन्ही हात टेबलाचे कडेवर ठेविले.

"काका, मला वाचवा," तो म्हणाला. "मॅडमची डबी पुसली गेली. दोन्ही गेल्या."

ऐसे शब्द पूर्वी कोणा पुतण्याने उच्चारिले तेव्हा पुढे काय जाहले हे सर्वांस ठाऊक आहे, म्हणोन गल्लीने श्वास रोखला. काकांचे मनात काय आले तेही लिहितो, कारण बखरकारास सर्व दिसते. त्यांचे मनात पहिल्याने आनंद जाहला, आणि तो थोडाथोडका नव्हता. जगात एकच प्रत उरली आणि ती आपले भिंतीपाशी. गप्प बसले तरी सोमवारी फत्ते. मग त्यांनी वर पाहिले. पोर बारा वर्षे त्याच स्टुलावर बसे, स्क्रू हरवला की ऐशाच तोंडाने येई. काकासाहेबी टेबलाखालोन ते स्टूल पायाने पुढे सरकविले.

"बस," ते म्हणाले. "कोरी डबी आण. आणि आधी चिठ्ठी लाव तिला."

मग तबकडी पुन्हा फिरो लागली. चिप कितीही चपळ असो, देणारा काका जितके देईल तितकेच घेणे पुतण्यास भाग. दोघे समोरासमोर बसले. पहिला तास दोघांनी पडद्यावरचा आकडा पाहण्यात काढिला. दुसरे तासी पुतणे म्हणाले की हिचा आवाज बराच वाढला आहे, पंखा साफ करावयास हवा. काका म्हणाले, तू गेल्यापासोन कोणी केला नाही. मग पुतण्याने स्क्रू काढोन पंखा साफ केला, आणि आवाज कमी जाहला तेव्हा काकांस करमेना. दिवेलागणीस तबकडी तशीच फिरती ठेवोन दोघे काकांचे घरी जेवले, आणि काकूंनी कोणास काही न विचारता तिसरे ताट आधीच मांडोन ठेविले होते. रविवारी दुपारी मूळ डबी भरली, तिच्यावरोन नवी प्रत तीन तासांत निघाली. मोजणी काकांनी केली, फिरोन मोजणी पुतण्याने केली. तीन लाख चार हजार दोनशे अकरा.

सोमवारी अकरा वाजता दवाखान्यात दरबार भरला. बाई उच्चासनी, म्हणजे चाकाचे स्टुलावर. मध्ये खुर्चीत एक रोगी उताणा, तोंड उघडे, गालात कापूस. उजवीकडे काका, डावीकडे पुतणे. आणि बाकावर काकू, दाढ दाखवावयाची म्हणोन आलेल्या. बाईंनी कसोटी लाविली की, या रोग्याचा नऊ वर्षांमागचा एक्सरे काढोन दाखवा. पुतण्याने बटण दाबिले आणि रोग्याने एक घोट गिळण्याआधी दाढ पडद्यावर हजर. काकांची तबकडी घरघरली, थांबली, विचार केला, पुन्हा घरघरली, आणि दीड मिनिटाने तीच दाढ घेवोन आली. बाईंची मान डावीकडे कलली. काकांनी चष्मा काढोन पुसला, आणि तबकडीची तार गुंडाळो लागले. तेव्हा बाकावरोन काकूंनी खाकरोन घसा साफ केला, आणि पुतण्याने त्यांजकडे पाहिले, मग काकांकडे पाहिले.

"मॅडम, खरं सांगतो," पुतणे म्हणाले. "तुमची मूळ डबी माझ्याकडून पुसली गेली होती. आत्ता जे दिसतंय ना, ते सगळं काकांच्या प्रतीतून परत आलंय. काका नसते तर आज या तोंडात बघून अंदाजच करावा लागला असता."

 रोग्याने कापसाआडोन काही गंभीर मत दिले, ते कोणास कळले नाही. बाईंचा चेहरा आधी लाल, मग पांढरा, मग बेसिनखालील कपाटाकडे पाहोन जरा ओशाळा. मग त्यांनी काकांस विचारिले की तुमचे मते कसे करावे. काकांनी, चिप या शब्दाचा उच्चार जन्मात पहिल्याने सरळ तोंडाने करीत, सांगितले की एक प्रत हाताशी चिपेवर असावी, ती पुतण्याने पाहावी. दुसरी वेगळ्या जातीची, म्हणजे तबकडीवर, ती आपण पाहो. तिसरी परक्या घरी. बाईंनी फर्मान काढिले की दोघांनी मिळोन करावे, नाहीतर दोघांनीही करो नये, आणि आता बाजूस व्हावे, रोग्याचा जबडा भरोन आला आहे. त्या दिवशी तह जाहला. दोन दुकाने, एक फलक, आणि दोन्ही टेबलांस एकच कायदा. भिंतीकडचे राखावयाचे. पुतण्याने तो आपले हाताने लिहोन भिंतीवर डकविला, आणि काकांनी वीस टीबीचे शून्य चष्मेवाल्याचे भिंतीवरोन खरवडोन काढिले.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. कोणाची, हे लिहिण्याचे ठिकाणी सेवकाची लेखणी अडली. काकांची म्हणावी तर चिप दुकानी आली. पुतण्याची म्हणावी तर चिठ्ठ्या परत आल्या. या विचारात असता काकूसाहेब तहाचा कागद घेवोन सेवकाचे दुकानी आल्या आणि तीन प्रती काढा म्हणाल्या. यंत्र तापेपर्यंत सेवकाने सहज विचारिले की, काकू, तीस वर्षांत काकांचे टेबलास तुम्ही एकदाही फडके लाविले नाही, मग त्या शनिवारी समोरच धूळ कशी दिसली. काकूंनी पिशवीतोन चष्मा काढिला, कागद नीट छापला आहे की नाही ते पाहिले.

"अहो, ह्यांच्याकडे प्रत होतीच की," त्या म्हणाल्या. "मी आदल्या दिवशी विचारून घेतलं होतं."

मग तीन प्रती मोजोन घेतल्या आणि घरी झोपावयास गेल्या, कारण दुपारचे दोन वाजले होते आणि घर रिकामे होते. सबब फत्तेचे रकान्यात काकूसाहेबांचे नाव लिहोन, राज्य सकाळी नऊ ते संध्याकाळी सात पूर्ववत कायम जाहले ऐसे नमूद केले आहे. ही हकीकत मंडळाने काकांस दाखवो नये. हिची एक प्रत सेवकाजवळ, एक मंडळाचे दप्तरी, आणि तिसरी परक्या घरी, शेजारणीकडे, मिठाच्या डब्याखाली ठेविली आहे. लेखनावधि.